हसवणाऱ्या मालिका आणि विपणनाचे धडे

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेवरील मांबलम हे स्थानक दोन निराळ्या बाजारपेठांच्या सीमेवर उभे आहे. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की रंगनाथन स्ट्रीट लागतो. टी. नगरमधील ही चिंचोळी गल्ली साड्या, भांडी आणि घरगुती वस्तूंच्या दुकानांनी गजबजलेली असून सणासुदीला तेथे पाऊल ठेवायलाही जागा नसते. पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले की वेस्ट मांबलम सुरू होते. आर्य गौडा रोडवरील अयोध्या मंडपम, लेक व्ह्यू रोड, छोटी किराणा दुकाने, फिल्टर कॉफीची पूड दळून देणारे दुकानदार आणि पिढ्यान्‌पिढ्या नोकरी व निवृत्तिवेतनावर चाललेली घरे, ही या भागाची ओळख आहे. लेक व्ह्यू रोडला तळे मात्र नाही. १९२० च्या दशकात टी. नगर वसवताना जुना तलाव बुजवण्यात आला आणि रस्त्याच्या नावातच त्याची आठवण उरली. येथील डास हा तर जुन्या मद्रासच्या विनोदाचा ठरलेला विषय होता.

पूर्वेकडे वस्तू विकल्या जातात आणि पश्चिमेकडे त्या घेणारा राहतो, असे थोडक्यात म्हणता येईल. या पश्चिमेकडच्या माणसाची मिळकत ठरलेली असते, खर्च मोजून केलेला असतो आणि बचत हाच त्याचा उतारवयातील आधार असतो. विपणनशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘लक्ष्यगट’ म्हणतात. त्याच्या मनाचा ठाव मात्र या पुस्तकांआधी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी घेतला होता. या मालिकांनी काय साधले आणि त्यातून बँकेच्या शाखेत बसणाऱ्याने व शाखेत येणाऱ्याने काय शिकावे, याचा विचार येथे केला आहे.

दिवाणखान्यात आलेला पाहुणा

मद्रास दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढील दोनतीन वर्षांत देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे पसरले. सॉलिडेअर आणि डायनोरा हे मद्रासमध्येच तयार होणारे संच दक्षिणेतील घरोघरी पोहोचले.

तरीही दूरचित्रवाणी संच ही पगारदाराच्या एका महिन्याच्या मिळकतीत बसणारी वस्तू नव्हती. व्ही. जी. पनीरदास यांनी मद्रासमध्ये हप्त्यांवर घरगुती वस्तू विकण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यांच्या दुकानात विक्रेता म्हणून उमेदवारी केलेल्या एच. वसंतकुमार यांनी १९७८ मध्ये वसंत अँड कंपनी हे स्वतःचे दुकान काढले आणि हप्त्यांच्या विक्रीवरच ते वाढवले. जाहिरातीत त्यांचा स्वतःचा हसरा चेहरा असे. मध्यमवर्गीय घरातला संच हा असा महिन्याच्या अंदाजपत्रकात जागा करून आलेला पाहुणा होता. त्याच्यासमोर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसत. त्यामुळे पडद्यावर जे दिसे, ते साऱ्या कुटुंबाला रुचावे लागे. विनोद हा या कसोटीला सर्वांत सहज उतरणारा प्रकार होता.

पहिला धडा : ग्राहक आकड्यांत नव्हे, घरात ओळखावा

१९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली. संकल्पना व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची आणि दिग्दर्शन कुंदन शाह यांचे. म्हैसूरला जन्मलेल्या, तमिळ घराण्यातील या व्यंगचित्रकाराचे सारे कर्तृत्व मुंबईत फुलले. त्यांचे थोरले बंधू आर. के. नारायण यांचा जन्म मद्रासचा. लक्ष्मण यांनी ‘कॉमन मॅन’ रेखाटला तो कोणत्याही एका प्रांताचा नव्हता. पडद्यावर त्याने वागळे हे आडनाव घेतले, तरी वेस्ट मांबलममधील घराला तो परका वाटला नाही. गळका नळ, न सुटणारे किरकोळ भांडण, पाहुण्यांमुळे कोलमडणारा महिन्याचा हिशेब, या गोष्टींना भाषांतराची गरज नसते.

वागळेंची भूमिका करणारे अंजन श्रीवास्तव हे अनेक वर्षे अलाहाबाद बँकेत नोकरीला होते. दिवसभर खिडकीपलीकडच्या माणसाला पाहणाऱ्या नटाने त्याच माणसाची भूमिका करावी, हा योग बँक कर्मचाऱ्यांना विशेष भावेल. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी चेन्नईत मुख्यालय असलेल्या इंडियन बँकेत विलीन झाली.

यातील बोध सरळ आहे. ग्राहकाचे वय, उत्पन्न आणि खात्यातील शिल्लक संगणकाच्या पडद्यावर दिसते. त्याच्या महिन्याची ओढाताण त्यात दिसत नाही. जूनमध्ये शाळेचे शुल्क, ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये दिवाळी, लग्नसराईत आहेर आणि वर्षभर औषधे, हे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे, त्याने सुचवलेली आवर्ती ठेव ग्राहकाच्या उपयोगी पडते. ज्याला ते ठाऊक नाही, तो मार्च महिन्यात केवळ उद्दिष्ट गाठण्यासाठी खाती उघडतो आणि ती वर्षभरात निष्क्रिय पडतात.

दुसरा धडा : योग्य सोबत निवडावी

‘वागले की दुनिया’च्या चार वर्षे आधी, १९८४ मध्ये, ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेने विनोदाचा प्रायोजित काळ सुरू केला. लेखन शरद जोशी यांचे. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि सतीश शाह हे कलाकार. या मालिकेची प्रायोजक होती विको लॅबोरेटरीज. परळमधील आपल्या घरी केशव विष्णु पेंढारकर यांनी १९५२ मध्ये हा उद्योग सुरू केला होता. आयुर्वेदिक दंतमंजन घरात तयार करायचे आणि दारोदार जाऊन विकायचे, अशी त्याची सुरुवात होती. दारावर उभे राहून विकणाऱ्या या मराठी उद्योगाने तीन दशकांनी एका मालिकेच्या सोबतीने देशभरच्या दिवाणखान्यांत प्रवेश केला.

त्याच वर्षी सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका मॅगी नूडल्सच्या उत्पादकांनी प्रायोजित केली होती. भारतात नूडल्स हा पदार्थ तेव्हा नवा होता, तर दंतमंजन आणि हळदीची क्रीम ही घराला आधीच ओळखीची होती. दोन्ही प्रायोजकांनी एकच गोष्ट केली. ज्या क्षणी संपूर्ण कुटुंब एकत्र आणि प्रसन्न असते, त्या क्षणी, संपूर्ण कुटुंबाने वापरायची वस्तू त्यांनी समोर ठेवली. वस्तू, वेळ आणि वातावरण यांचा असा मेळ बसला की जाहिरात हा व्यत्यय राहत नाही.

विकोच्या कथेला आणखी एक बाजू आहे. हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन नव्हे, असे कंपनी जाहिरातीतून वर्षानुवर्षे सांगत राहिली. हाच मुद्दा उत्पादन शुल्काच्या वादात आला. माल आयुर्वेदिक औषध मानायचा की प्रसाधन, यावर कराचा दर अवलंबून होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जाहिरातीत आणि कार्यालयीन कागदपत्रांत कंपनीने एकच भूमिका मांडली. बँकेच्या संदर्भात हा धडा फार मोलाचा आहे. फलकावरील व्याजदर आणि करारपत्रावरील व्याजदर, पत्रकातील ‘शुल्क नाही’ हे शब्द आणि खातेउताऱ्यातील नोंद, यांत फरक पडला की ग्राहकाचा विश्वास उडतो.

तिसरा धडा : ओळख कायम, गोष्ट नवी

मद्रासच्या विनोदाचा विचार क्रेझी मोहन यांच्याशिवाय पुरा होत नाही. मोहन रंगाचारी हे त्यांचे मूळ नाव. ते गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर आणि सुंदरम क्लेटन कंपनीत नोकरीला होते. एस. व्ही. शेखर यांच्या नाटकप्रिया संस्थेसाठी त्यांनी १९७६ मध्ये ‘क्रेझी थीव्ह्ज इन पालवाक्कम’ हे नाटक लिहिले आणि त्या नाटकाचे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९७९ मध्ये त्यांनी क्रेझी क्रिएशन्स ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. रंगभूमीवरून त्यांचा विनोद दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटात गेला. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नाटकांत नायकाचे नाव बहुधा मादू आणि नायिकेचे नाव जानकी असे. मादूची भूमिका त्यांचे धाकटे बंधू करीत आणि तेही मादू बालाजी याच नावाने ओळखले जाऊ लागले. जानकी हे नाव मोहन यांनी आपल्या शाळेतील शिक्षिकेच्या आठवणीखातर ठेवले होते. दर वेळी घोटाळा नवा, पण माणसे ओळखीची. प्रेक्षक तिकीट काढताना कथानक विचारत नसे. ‘मादू–जानकी’ म्हणजे कुटुंबासह निःशंक बसता येईल एवढे त्याला पुरत असे. व्यापारी भाषेत याला नाममुद्रेवरील विश्वास म्हणतात.

‘ये जो है जिंदगी’मध्ये सतीश शाह यांनी उलट बाजूने हेच साधले. घर तेच, कुटुंब तेच, आणि शाह मात्र जवळजवळ प्रत्येक भागात निराळ्या माणसाच्या रूपात येत. स्थिर चौकटीत नवेपणा ठेवण्याची ही युक्ती होती. मराठी प्रेक्षकाला दिलीप प्रभावळकर यांचे उदाहरण जवळचे वाटेल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचा चिमणराव त्यांनी साकारला. पुढे २००१ मध्ये अल्फा मराठीवर ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ म्हणून आले. दोन पिढ्यांनी त्यांना दोन नावांनी ओळखले, पण मराठी घरातले माणूस हे नाते तेच राहिले.

शाखेच्या पातळीवर याचा अर्थ असा की सुविधा बदलत राहाव्यात आणि वागणूक बदलू नये. पासबुकाच्या जागी मोबाइल आला, धनादेशाच्या जागी यूपीआय आला. शाखेत पाऊल ठेवल्यावर मिळणारे आदराचे शब्द मात्र तेच असावेत. व्यवस्थापकाची बदली दर तीन वर्षांनी होते. ग्राहकाची होत नाही.

चौथा धडा : त्याच्या भाषेत बोलावे

१९७७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका सुरू झाली. तिच्यावर आधारलेली ‘जबान संभालके’ १९९३ मध्ये भारतात आली. पंकज कपूर यांनी रंगवलेला हिंदीचा शिक्षक आणि त्याच्यासमोर बसलेले नाना प्रांतांचे, नाना देशांचे विद्यार्थी, एवढ्या भांडवलावर ती चालली. त्यांत टॉम ऑल्टर यांचा इंग्रज होता आणि विजू खोटे यांचा विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी माणूसही होता. एका शब्दाचा दुसराच अर्थ लागणे हा तेथे विनोद होता. बँकेत तीच चूक तक्रार ठरते.

राष्ट्रीय बँकेत साताऱ्याचा अधिकारी वेस्ट मांबलमच्या शाखेत रुजू होतो आणि कुंभकोणमचा अधिकारी साताऱ्याला. खातेदाराशी संबंधित सूचना इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा आग्रह आहे. छापील फलकाने ही अट पूर्ण होते. संवाद पूर्ण होण्यासाठी आणखी थोडे लागते. ‘वणक्कम’, ‘उट्कारुंगळ’ म्हणजे ‘बसा’, ‘नन्री’ म्हणजे ‘आभार’, असे शब्द नव्या अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात शिकले, तरी समोरच्या वृद्धाच्या चेहऱ्यावरील ताण उतरतो. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे तमिळनाडूत स्थिरावलेली मराठी घराणी आजही चेन्नईत आहेत. तमिळ वळणाची मराठी ते घरात जपतात आणि बाजारात अस्खलित तमिळ बोलतात. दोन भाषांत नांदण्याची कला त्यांना पिढ्यांपासून अवगत आहे. ती शिकण्याजोगी आहे.

पाचवा धडा : पेलेल तेवढेच कबूल करावे

अमेरिकेतील ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. तिचे दोन भाग विपणनाच्या वर्गात दाखवावेत असे आहेत. मे १९५२ च्या भागात ल्यूसीला एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीचे काम मिळते. सरावाच्या निमित्ताने ती ते पेय पुन्हा पुन्हा पिते. त्यात तेवीस टक्के मद्यार्क असल्याचे तिला ठाऊक नसते. गुणगान करता करता तिची जीभ अडखळू लागते. आपण विकतो त्या वस्तूत काय आहे, हे न वाचणाऱ्या विक्रेत्याचे याहून बोलके चित्र सापडणार नाही. विमापत्र किंवा म्युच्युअल फंड सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याने त्यातील अटी आधी स्वतः वाचल्या आहेत का, हा प्रश्न याच भागातून उभा राहतो.

सप्टेंबर १९५२ च्या दुसऱ्या भागात ल्यूसी आणि तिची मैत्रीण चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचे असते. पट्टा वेगाने धावू लागतो तशी त्या दोघी चॉकलेटे तोंडात, टोपीत, कपड्यांत लपवू लागतात. पर्यवेक्षिका येऊन पाहते, तो एकही नग निसटलेला नाही! खूश होऊन ती पट्टा आणखी वेगाने सोडायला सांगते. ज्या कार्यालयात अडचण सांगण्याची मुभा नसते, तेथे काम होत नाही, लपवले जाते. अहवाल स्वच्छ दिसतो आणि वरिष्ठ उद्दिष्ट वाढवतात. कर्जमेळाव्यात ‘तीन दिवसांत मंजुरी’ असा फलक लावण्यापूर्वी छाननीसाठी किती हात उपलब्ध आहेत, हे मोजलेले बरे.

या मालिकेचा आर्थिक इतिहासही बोधप्रद आहे. ल्यूसिल बॉल आणि डेसी आर्नाझ यांनी मालिका थेट प्रक्षेपित न करता उत्तम प्रतीच्या चित्रफितीवर टिपण्याचा आग्रह धरला. त्यासाठी मानधनात कपात स्वीकारली आणि बदल्यात चित्रफितींची मालकी मिळवली. पुनःप्रक्षेपणाचे मोल तेव्हा फारसे कोणाला कळलेले नव्हते. पुढे तीच मालकी मोठ्या संपत्तीचे मूळ ठरली. आजचे थोडे सोडून उद्याचे साधन हाती ठेवणे, हाच दीर्घ मुदतीच्या बचतीचाही अर्थ आहे. मात्र या मालिकेचा पहिला प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी होती, हेही विसरू नये. निर्मळ हास्याच्या सोबतीने अपायकारक वस्तूही घरात शिरू शकते.

सहावा धडा : विक्रीनंतरच खरी परीक्षा

२००१ मध्ये सब टीव्हीवर ‘ऑफिस ऑफिस’ सुरू झाली. मुसद्दीलाल हा साधा नागरिक दर भागात निराळ्या कार्यालयात जातो आणि तेथील कर्मचारी त्याला या टेबलावरून त्या टेबलाकडे फिरवतात. देवेन भोजानी, मनोज पाहवा, संजय मिश्रा, हेमंत पांडे, आसावरी जोशी हे त्याच चेहऱ्यांचे कलाकार प्रत्येक कार्यालयात भेटतात. या योजनेत खोल अर्थ आहे. गांजलेल्या ग्राहकाला सारी कार्यालये सारखीच दिसतात. एका खिडकीवरील कटू अनुभव तो साऱ्या संस्थेच्या खात्यात जमा करतो.

या मालिकेवरून २०११ मध्ये चित्रपट निघाला. तीर्थयात्रेहून परतलेल्या मुसद्दीलालला कळते की कागदोपत्री तो मृत आहे आणि त्याचे निवृत्तिवेतन बंद झाले आहे. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्याची वणवण म्हणजे तो चित्रपट. वेस्ट मांबलमसारख्या निवृत्तांच्या वस्तीत ही केवळ कल्पना वाटत नाही. दर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत रांग लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला सुरू झाला आणि ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची सवलत मिळाली. सोय झाली खरी. परंतु ज्याच्या बोटांचे ठसे वार्धक्याने पुसट झाले आहेत, त्याला ‘यंत्र घेत नाही, उद्या या’ असे सांगितले, तर मुसद्दीलालची कथा पुन्हा सुरू होते. पर्याय शोधून देणारा एक कर्मचारी अशा वेळी दहा जाहिरातींचे काम करतो.

विनोद आणि ग्राहकसेवा यांचे नाते इंग्लंडमध्ये तर व्यवसायच झाले. ‘फॉल्टी टॉवर्स’चे जॉन क्लीझ आणि पुढे ‘येस मिनिस्टर’ लिहिणारे अँटनी जे यांनी इतर सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये व्हिडिओ आर्ट्स ही कंपनी काढली. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ती विनोदी चित्रपट तयार करी. ‘हू सोल्ड यू धिस, देन?’ या त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटात दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ ग्राहकासमोर आपल्याच विक्रेत्यांना नावे ठेवतो. ‘हे तुम्हाला कोणी दिले?’ हा प्रश्न बँकेतही ऐकू येतो. ‘त्या शाखेने चुकवले’, ‘आधीच्या साहेबांनी केले’ असे म्हणणारा स्वतःला वाचवत असतो आणि संस्थेला बुडवत असतो.

‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून केवळ बारा भाग झाले. एका भागात हॉटेलमालक एका पाहुण्याला तपासनीस समजून त्याची हांजी हांजी करतो. तो निघतो चमच्यांचा विक्रेता. तपासनीस आल्यावर बदलणारी सेवा ही सेवा नव्हे, हा त्याचा इत्यर्थ.

सातवा धडा : यशाचे कारण तपासावे

तमिळ लेखक देवन यांचा शंबू हा बँकेतील कारकून. कामात अगदीच यथातथा असलेला हा गृहस्थ नोकरी गमावतो आणि योगायोगाने गुप्तहेर म्हणून नावारूपाला येतो. तो चुका करतो आणि त्या चुकांतूनच गुन्हा उघडकीस येतो. दूरदर्शनवर ‘तुप्पऱियुम शंबू’ मालिका आली तेव्हा ‘काताडी’ राममूर्ती यांनी ही भूमिका केली. शंबूला लोक बुद्धिमान समजतात; आपण कसे जिंकलो हे त्याला स्वतःलाच माहीत नसते.

व्यवसायात शंबूची गाठ अनेकदा पडते. एखाद्या तिमाहीत ठेवी वाढतात आणि श्रेय नव्या फलकाला दिले जाते. प्रत्यक्षात जवळच्या कंपनीने त्या महिन्यात बोनस वाटलेला असतो. कारण न शोधता तोच फलक पुढच्या वर्षी दुप्पट खर्चाने लावला, तर पैसा वाया जातो. नवीन खातेदाराला ‘आपणास ही योजना कोठे समजली?’ एवढे विचारून नोंद ठेवणे हा अगदी कमी खर्चाचा बाजार-अभ्यास आहे.

हास्याची मर्यादा

येथवरच्या धड्यांवरून असे वाटेल की ग्राहकाला प्रसन्न केले की काम झाले. चेन्नईचा अलीकडचा इतिहास तसे सांगत नाही. १९९० च्या दशकात या शहरात अनेक वित्तसंस्था आणि सागवान लागवडीच्या योजना विकणाऱ्या कंपन्या उदयाला आल्या. आकर्षक जाहिराती, बँकेहून कितीतरी जास्त परतावा, हसतमुख प्रतिनिधी, सारे काही होते. त्यांतील कित्येक कोसळल्या आणि निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी त्यांच्याबरोबर गेली. तमिळनाडू सरकारला १९९७ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीने १९९९ मध्ये नियम केले.

विनोदी मालिकेतल्या घरात भाग संपताना सगळे पूर्ववत होते. प्रत्यक्षातल्या घरात बुडालेली ठेव पूर्ववत होत नाही. म्हणून प्रसन्नतेचे तंत्र ज्याच्या हाती आहे, त्याची जबाबदारी अधिक असते. ग्राहकानेही हसऱ्या चेहऱ्यापलीकडे पाहून तीन गोष्टी विचाराव्यात : ही संस्था कोणत्या नियामकाच्या देखरेखीखाली आहे, परतावा कोठून येणार आहे, आणि पैसे हवे तेव्हा परत मिळतील का? विमासंरक्षित बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये करण्यात आली. बँकिंग लोकपाल योजना १९९५ पासून आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती एकात्मिक झाली. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास ग्राहक लोकपालाकडे जाऊ शकतो. ही माहिती स्वतः होऊन ग्राहकाला देणारी शाखा आपल्यावरील विश्वासच वाढवते.

शाखेतील चर्चेसाठी

महिन्याच्या कर्मचारी बैठकीत पुढील प्रश्नांवर अर्धा तास चर्चा करता येईल.

१. शाखेच्या परिसरातील वागळे कोण? त्यांच्या वर्षातील खर्चाचे चार मोठे महिने कोणते?

२. फलकावर लिहिलेले आणि करारपत्रात लिहिलेले यांत कोठे तफावत आहे का?

३. गेल्या महिन्यात कोणत्या ग्राहकाला दोनपेक्षा अधिक टेबलांवर जावे लागले? ते कशामुळे?

४. कोणते काम पट्ट्यावरील चॉकलेटांप्रमाणे लपवले जात आहे? ते वरिष्ठांपर्यंत कसे पोहोचेल?

५. शाखेचे सर्वांत मोठे अलीकडचे यश कोणत्या कारणाने मिळाले? ते कारण पडताळले आहे का?

‘वागले की दुनिया’ २०२१ मध्ये नव्या पिढीच्या कथांसह पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे जुने वागळे दांपत्यही तिच्यात होते. तीन दशकांनंतरही प्रेक्षकांना ते घर आठवत होते, कारण त्या घराने त्यांना कधी फसवले नव्हते. हास्याने ओळख होते आणि सचोटीने ती टिकते. वेस्ट मांबलमचा निवृत्त खातेदार असो की साताऱ्याचा छोटा व्यापारी, त्याच्या कष्टाच्या पैशाची राखण हेच बँकेच्या विपणनाचे पहिले आणि शेवटचे सूत्र आहे.